सत्तावीस ठिपके

एकदा एक म्हातारबा पँटचा पाय गुडघ्यापर्यंत गुंडाळून पट्टीताईंसमोर येऊन बसले आणि म्हणाले, "बांधा."

"काय बांधू?"

"पट्टी. बाहेर सांगितलं, पट्टीताईंकडे जा."

इथली पट्टी म्हणजे कागदाची, हृदयाच्या ठोक्यांची, आणि गुडघ्याचं खालच्या मजल्यावर बघतात, हे पट्टीताईंनी त्यांना समजावलं. म्हातारबांनी थोडा विचार केला, पँटचा पाय खाली सोडला आणि म्हणाले, "आता आलोच आहे, तर तीही काढून टाका."

हा किस्सा रुग्णालयाच्या त्या विभागात पुढं वीस वर्षं सांगितला गेला. सांगणाऱ्या पट्टीताई कधीच नसत. कोणीतरी सांगायचं, बाकीचे हसायचे, आणि त्या यंत्राच्या तारा गुंडाळता गुंडाळता ऐकायच्या.

चौतीस वर्षं त्यांनी ईसीजी काढले. दुसऱ्या मजल्यावर लांब बोळाच्या टोकाला, पूर्वी चादरी ठेवायची कोठी होती, ती त्यांची खोली. हिरव्या रेक्झिनचा पलंग, एक पडदा, चाकांच्या टेबलावर यंत्र, आणि खिडकीच्या नावानं छताजवळ एक झरोका. मनगटांना आणि घोट्यांना चिमटे लावायचे, छातीवर गार जेलचं बोट फिरवून सहा रबरी फुगे बसवायचे आणि बटण दाबायचं. बारीक चौकटींच्या गुलाबी कागदावर रेघ उमटत बाहेर यायची. दिवसाला चाळीस माणसं, आणि चाळिसांना मिळून वाक्यं तीनच. "बटणं काढा." "आता हलू नका, बोलू नका." आणि माणूस उठून शर्ट घालता घालता "ठीक आहे ना हो?" असं विचारायचा तेव्हा, "डॉक्टर सांगतील."

हे तिसरं वाक्य नियमाचं होतं. पट्टी काढणाऱ्यानं पट्टी वाचायची नसते. पण स्वयंपाक करणारीला मिठाचा अंदाज येऊ नये असं कसं होईल? पाच-सात वर्षांत त्यांची नजर इतकी बसली, की रेघ जिथं सपाट असायला हवी तिथं ती मिलिमीटरभर जरी खाली गेली असली तरी डोळ्यांत खुपायची. मग त्या दोन टोकांचं कर्कटक काढून मोजायच्या आणि गप्प राहायच्या. एकदा एक चित्रकलेचे मास्तर पलंगावर पडल्या पडल्या विनोद करत होते, आणि कागदावर त्यांची रेघ बसत चालली होती. त्या वेळी मात्र पट्टीताई चिमटे तसेच ठेवून बोळातून धावत गेल्या आणि डॉक्टरांना हाताला धरून घेऊन आल्या. मास्तर वाचले. त्यानंतर ते दरवर्षी तपासणीला यायचे, आणि दरवर्षी पलंगावर पडता पडता विचारायचे, "तुम्ही इथं नवीन का?"

"हो," पट्टीताई म्हणायच्या. "हलू नका, बोलू नका."

लग्न झालं नाही. त्यात काही कथा नव्हती. एक स्थळ चालून आलं होतं, मुलगा बरा होता, नोकरी सोडाल का असं त्यांनी विचारलं. पट्टीताईंनी विचार करून सांगते म्हटलं, आणि त्यांचा विचार होईपर्यंत तिकडचं लग्न होऊन गेलं. मग वडील गेले. धाकटा भाऊ नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला आणि तिथलाच झाला. आई अंथरुणाला खिळली, तिचं सगळं पट्टीताईंनी नऊ वर्षं केलं. आई गेल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या एकाएकी इतक्या मोठ्या झाल्या, की त्यांनी आतल्या खोलीचं दारच लावून टाकलं.

निवृत्तीच्या दिवशी विभागानं त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. पुढच्या सोमवारी सकाळी त्या सवयीनं सहाला उठल्या, आवरलं, केर काढला, पेपर वाचला, दोन कपडे धुतले. चार वाजता पाव आणायला खाली उतरल्या, आणि बेकरीवाल्या बाईंना "एक छोटा द्या" म्हणताना आवाज घोगरा फुटला. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की दिवसभरातला हा पहिला शब्द. घरी येऊन त्यांनी घसा खाकरला आणि रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणून पाहिलं, "बटणं काढा." स्वतःचंच हसू आलं. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणून पाहिलं नाही.

भावाचा फोन रविवारी सकाळी अकराला यायचा. तब्येत, हवा, वहिनीचा गुडघा, भाचीचं काय चाललंय. आठ मिनिटांत सगळं उरकायचं, आणि दोघांनाही वाटायचं की अजून काहीतरी बोलायला हवं होतं. भाची परदेशी जायला निघाली तेव्हा तिनं आपला जुना लॅपटॉप आत्याला दिला, वापरायचा कसा ते दोन दिवस बसून शिकवलं आणि म्हणाली, "आत्या, जग बघ आता." पट्टीताईंनी त्यावर विणलेलं फडकं घालून तो कपाटावर ठेवला.

दोन वर्षं तो तिथंच होता. मग एका रविवारी पेपरच्या पुरवणीत त्यांना एक चित्र दिसलं. काळ्या चौकोनात पांढऱ्या ठिपक्यांची आडवी रेघ, आणि मध्येच ती रेघ जराशी खाली बसलेली. कोणाचा तरी ईसीजी चुकीच्या पानावर छापलाय, असं वाटून त्यांनी चष्मा चढवला. लेख ताऱ्यांवर होता. आकाशात सोडलेल्या एका दुर्बिणीनं लाखावर तारे चार वर्षं न हलता पाहिले आणि दर अर्ध्या तासाला प्रत्येकाचा उजेड मोजला. ताऱ्यापुढून त्याचा ग्रह गेला तर उजेड किंचित कमी होतो, तेवढाच वेळ, आणि मग पुन्हा होता तसा. ग्रह दिसत नाही, ही बसलेली रेघ तेवढी दिसते. हे काम यंत्रं करतातच, पण यंत्राच्या नजरेतून सुटलेलं कधी कधी माणसाला दिसतं, म्हणून कोणीही घरी बसून या रेघा तपासाव्यात, असं आवाहन होतं. शिक्षणाची अट नव्हती.

"न हलता," पट्टीताईंनी पुन्हा वाचलं. मग स्टुलावर चढून लॅपटॉप खाली काढला.

नाव नोंदवताना टोपणनाव मागितलं, त्यांनी पट्टीताई लिहिलं. त्या दिवशी दुपारी अडीचपासून पाच वाजेपर्यंत त्यांनी साठ ताऱ्यांच्या पट्ट्या पाहिल्या. काही तारे थरथरत होते, काही संथ वरखाली होत होते, काहींना अधूनमधून उचकी लागल्यासारखी व्हायची. रेघ बसलेली दिसली की तिथं खूण करायची आणि पुढच्या ताऱ्याकडे जायचं. पाच वाजता उठल्या तेव्हा पाठ धरली होती, आणि कितीतरी वर्षांनी भूक लागल्यासारखी भूक लागली होती.

असं रोज सुरू झालं. जेवण, भांडी, मग अडीच ते पाच. खुणा केलेल्या पट्ट्यांवर बोलायला तिथं एक जागा होती. लोक लिहायचे, इतर उत्तर द्यायचे. पट्टीताई नुसतं वाचायच्या. एके दिवशी त्यांच्या एका खुणेखाली कोणीतरी लिहिलं: "ही बरोबर आहे. बाकीच्यांनी खड्डा म्हणून दाखवलाय तो खड्डा नाही, कचरा आहे. तुमची नजर चांगली आहे." खाली नाव होतं, रंधा.

त्यांनी तासभर घालवून उत्तर लिहिलं: "आभारी आहे. आपण सुतार आहात का?"

"होतो," उत्तर आलं. "आता गुडघे गेले. नाव काय द्यायचं सुचेना, समोर रंधा पडला होता. फळी सरळ आहे की नाही ते एक डोळा मिटून बघायची सवय, तीच इथं कामाला येते. तुम्ही बँकेत होता का? पट्टी म्हणजे फूटपट्टी?"

पट्टीताईंनी म्हातारबांचा किस्सा लिहिला. आयुष्यात पहिल्यांदाच तो त्यांनी स्वतः सांगितला, आणि लिहिताना लक्षात आलं की त्यांना तो चांगला सांगता येतो.

रंधा दुपारी तीनच्या सुमाराला यायचे. कुठले, किती वयाचे, खरं नाव काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि पट्टीताईंनी विचारलं नाही. पण त्यांच्या घरात सात माणसं आहेत, दुपारी सगळी झोपतात म्हणून तेवढाच निवांतपणा मिळतो, आणि त्यांना कारलं आवडतं हे कोणालाच खरं वाटत नाही, एवढं कळलं. पट्टीताईंचा नळ गळत होता, तेव्हा वायसर कसा बदलायचा ते त्यांनी चौदा ओळींत लिहून पाठवलं. पट्टीताईंनी तो बदलला. नळ थांबला.

सव्वा वर्ष असं गेलं, आणि मग तो तारा आला. नाव नव्हतं, नुसता नऊ आकडी क्रमांक. शांत तारा, रेघ अगदी सपाट, निरोगी माणसाची असावी तशी. आणि नोंदीच्या दोनशे दहाव्या दिवशी ती बसली. किती? हजारात सव्वा भाग. खाली गेलेले ठिपके मोजले, सत्तावीस. म्हणजे साडेतेरा तास. खड्ड्याचा तळ सपाट आणि दोन्ही बाजू सारख्या. त्यांनी खूण केली आणि वहीत क्रमांक उतरवून घेतला. सगळ्यांचा घेत नसत. याचा का घेतला ते त्यांना सांगता आलं नसतं.

तिथं एका ताऱ्याची सगळी पट्टी एकदम मिळत नसे. आज एक तुकडा, पुढचा कधी येईल त्याचा नेम नाही. दीड महिन्यानं तोच क्रमांक पुन्हा समोर आला. सहाशे बाविसावा दिवस. सत्तावीस ठिपके. त्यांनी कर्कटक आणून पडद्यावरच खोली मोजली, काचेवर बारीक ओरखडे उठले, ते पुढंही राहिले. खोली तेवढीच. दोन्हींतलं अंतर चारशे बारा दिवस. म्हणजे आपल्या वर्षापेक्षा जरा मोठं वर्ष असलेलं काहीतरी तिथं फिरत होतं.

तिसरी खेप एक हजार चौतिसाव्या दिवशी व्हायला हवी होती. संकेतस्थळाला लिहून त्यांनी तो तुकडा मुद्दाम मागवून घेतला. तिथं नुसती मोकळी जागा होती. नेमके ते तीन आठवडे दुर्बीण आजारी होती. आणि चौथी खेप यायच्या दीड महिना आधीच सगळी नोंद संपली होती. संकेतस्थळावर लिहिल्यावर उत्तर आलं, ठरावीक छापाचं: तीनदा दिसल्याशिवाय धरता येत नाही, आपल्या सहभागाबद्दल धन्यवाद.

त्यांनी रंध्यांना दाखवलं.

"खड्डाच आहे," रंधा म्हणाले. "आणि तळ बघा, रंधा मारल्यासारखा. हे सगळं चालवणाऱ्या त्या शास्त्रज्ञ बाईंना सरळ पत्र लिहा. खाली पत्ता दिलेला असतो."

"मी काय लिहिणार? ते बघतील त्यांचं ते."

"ते नाही बघणार. त्यांच्याकडे लाखावर तारे आहेत. तुमच्याकडे एक आहे."

पट्टीताईंना चार दिवस लागले. पलंगावरच्या माणसाला जे कधी सांगितलं नाही ते आता कोणी न विचारता सांगायचं, ही गोष्ट त्यांच्या बोटांना पटत नव्हती. शेवटी सात ओळी झाल्या. त्यात "मला दिसलं" असं दोनदा होतं. त्यांनी एक खोडलं, दुसरं राहू दिलं, पत्र पाठवलं, आणि लॅपटॉप बंद करून दोन तास खिडकीच्या जाळ्या पुसत बसल्या.

अकराव्या दिवशी उत्तर आलं. शास्त्रज्ञ बाईंनी स्वतः लिहिलं होतं. खड्डा त्यांनाही दिसला होता. पण खात्री करायची तर तो पुन्हा होताना बघायला हवा, आणि पुढची खेप अकरा महिन्यांनी आहे. त्या सुमाराला दुसऱ्या एका दुर्बिणीवर वेळ मिळतो का ते बघते. "तोवर आपल्याला वाट पाहावी लागेल," असं शेवटी होतं. त्यातला "आपल्याला" पट्टीताईंनी पुन्हा पुन्हा वाचला.

वाट पाहायच्या त्या दिवसांत रंध्यांनी एकदा विचारलं, "ग्रह म्हणजे तसे विरळाच असतील, नाही? म्हणून एवढी शोधाशोध."

पट्टीताईंनी तोवर बरंच वाचलं होतं. त्यांनी लिहिलं, "नाही हो. मलाही तसंच वाटायचं. उलट आहे. ग्रहाची वाट आपल्या नजरेच्या अगदी रेषेत असली तरच तो ताऱ्यापुढून जाताना दिसतो. आपल्या पृथ्वीसारखा लांबून फिरणारा एक दिसला, तर न दिसलेले शंभर-दोनशे असतात. सगळा हिशेब मांडला तर सरासरी प्रत्येक ताऱ्याला एक तरी ग्रह आहेच म्हणतात. आपण लहान होतो तेव्हा दुसऱ्या कुठल्या ताऱ्याला एक तरी ग्रह आहे का, हेही कोणाला सांगता येत नव्हतं. आता ग्रह नसलेला तारा दाखवा म्हटलं तर पंचाईत."

"म्हणजे अख्खं आभाळ संसारी निघालं," रंध्यांनी लिहिलं.

पट्टीताई त्या ओळीकडे बघत राहिल्या. आई गेल्यानंतरच्या संध्याकाळी त्या गॅलरीत उभ्या राहायच्या, तेव्हा वर तुरळक चांदण्या दिसायच्या, एकेकट्या, आणि त्यांना बरं वाटायचं. तेवढी एक सोबत होती. तीही आता गेली. हे लिहावं की नाही असं करता करता त्यांनी एवढंच लिहिलं: "हो. मलाच उशिरा कळलं."

रंध्यांचं उत्तर आलं: "संसार असला म्हणजे सोबत असतेच असं नाही. माझ्या घरात सात माणसं आहेत."

त्यानंतर दोन आठवड्यांनी रंधा यायचे थांबले.

पहिले चार दिवस पट्टीताईंनी लग्नकार्य असेल म्हणून सोडून दिलं. आठव्या दिवशी लिहिलं, "बरे आहात ना?" पंधराव्या दिवशी पुन्हा लिहिलं. त्यांची शेवटची खूण एका मंगळवारी तीन वाजून चाळीस मिनिटांची होती, त्यापुढं काही नाही. गुडघे गेले असं म्हणाले होते, पण गुडघ्यानं माणूस असा नाहीसा होत नाही. एकदा जिना चढताना दम लागतो असंही लिहिलं होतं, ते जुनं पान काढून त्यांनी पुन्हा वाचलं आणि तेव्हा आपण विचारलं कसं नाही म्हणून स्वतःला बोल लावला. चौतीस वर्षं त्या दम लागणाऱ्या माणसांच्या छातीला फुगे लावत आल्या होत्या. संकेतस्थळाच्या लोकांना विचारलं. त्यांनी नम्रपणे कळवलं, कोणाची माहिती देता येत नाही.

महिना झाला. दुपारी तीनला हात आपोआप त्या पानाकडे जायचा. रडावं म्हटलं तर कोणासाठी? नाव माहीत नाही, चेहरा माहीत नाही, आवाज ऐकलेला नाही. रविवारी भावानं विचारलं, "आवाज का बारीक येतोय तुझा?" तर काय सांगणार? "सर्दी आहे," त्या म्हणाल्या. सहाव्या आठवड्यात त्यांनी मनातल्या मनात मान्य करून टाकलं. त्या दिवशी त्यांनी कारलं आणलं, परतलं, आणि कडू लागलं तरी सगळं खाल्लं.

नवव्या आठवड्यात, गुरुवारी, उत्तर आलं.

"पट्टीताई, अहो माफ करा, तुमची पत्रं आत्ताच पाहिली. मी ठणठणीत आहे. सुनेनं अंगणात दाणे टाकायला सुरुवात केली, त्याला आता पक्षी यायला लागलेत. पक्षी मोजायचंही असंच एक संकेतस्थळ आहे. ताऱ्यांनी डोळे फार दुखायचे. पक्ष्यांना निदान शेपूट असते. तुम्हीही या तिकडे, मजा येते."

पट्टीताईंनी हुश्श केलं. खरंच केलं, छातीवरचा धोंडा उतरला. त्या उठून पाणी प्यायल्या, परत येऊन पुन्हा वाचलं, आणि मग दुसरंच काहीतरी वर यायला लागलं. माणूस जिवंत आहे याचा राग कसा येईल? पण आला. नऊ आठवडे आपण ज्यांचं सुतक धरल्यासारखे राहिलो, ते तिकडे शेपट्या मोजत होते. आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. त्यांनी कधी कसलं वचन दिलं होतं? चूक असलीच तर घरात सात माणसं असलेल्याचा दुपारचा एक तास आपण आपला दिवस समजलो, ही.

"बरं झालं कळवलंत," एवढंच त्यांनी लिहिलं. मग अडीच ते पाच तारे पाहिले.

नेमलेली वेळ आली आणि गेली. तीन महिने शास्त्रज्ञ बाईंकडून काही नाही. मग एका सकाळी, पट्टीताई दुधाचं पातेलं घासत असताना, लॅपटॉप टिंग वाजला. ओल्या हातानंच उघडलं. खड्डा झाला होता. अंदाजाहून वीस मिनिटं उशिरा, पण तेवढाच खोल, तितकेच तास. पृथ्वीच्या साधारण चौपट रुंदीचा ग्रह. बाईंनी खाली लिहिलं होतं: "हा काही जगावेगळा ग्रह नाही, असे पुष्कळ सापडलेत. पण हा तुम्हाला सापडला. तुमचं नाव लेखात कसं छापायचं ते कळवा."

पट्टीताईंनी आपलं पूर्ण नाव लिहिलं. लिहिल्यावर ते जरा परकंच वाटलं. मग खाली एक ओळ घातली: रंधा नावाच्या एका गृहस्थांनी खड्डा ओळखायला मदत केली आहे, त्यांचंही नाव यावं.

सांगायला कोण? गुरुवार होता, भावाचा फोन रविवारी. त्या खाली उतरल्या. बेकरीत गिऱ्हाईक नव्हतं, बाई पावांवरचं कापड झटकत होत्या.

"एक छोटा," पट्टीताई म्हणाल्या, आणि पाव हातात आल्यावरही तिथंच उभ्या राहिल्या. "मला एक ग्रह सापडला."

बाईंनी वर पाहिलं. इतक्या वर्षांत या गिऱ्हाइकाच्या तोंडून पावाशिवाय दुसरा शब्द आला नव्हता. "ग्रह? चांगला की वाईट?"

"ते नाही कळत. आहे एवढं नक्की."

"असू दे मग," बाई म्हणाल्या. "आमच्या यांचे सगळे फिरलेत, त्यात एखादा जास्त." आणि हसून त्यांनी एक गोड बन कागदात गुंडाळून दिला. पैसे घेतले नाहीत.

रविवारी भाऊ खरंच खूश झाला. "त्याला तुझं नाव देणार का?"

"नाही रे. क्रमांक असतो, त्यापुढं एक अक्षर लावतात."

"एवढं करून अक्षर?" मागून वहिनीनं काहीतरी विचारलं. भाऊ म्हणाला, "ताईला तारा सापडलाय." पट्टीताईंनी दुरुस्ती केली नाही. त्या दिवशी फोन अकरा मिनिटं चालला.

लेख छापून आला तेव्हा त्यावर तेवीस नावं होती. पहिलं शास्त्रज्ञ बाईंचं, बाकीची वर्णक्रमानं. पट्टीताईंनी बोट ठेवत ठेवत आपलं नाव शोधलं, आणि मग पुढं उतरत गेल्या. ओळखीची माणसं त्यात दोनच असायची, एक त्या आणि एक रंधा. आडनावावरून काहीच कळेना. शेवटी तळटीप सापडली, कोणाचं टोपणनाव काय त्याची, ज्याला त्याला विचारून संकेतस्थळानं दिलेली, आणि रंध्यांचं खरं नाव त्यांनी पहिल्यांदा वाचलं. चांगलं नाव होतं. त्यांनी ते एकदा मोठ्यानं उच्चारून पाहिलं. दोघांच्या नावांमध्ये अकरा माणसं होती.

कळवल्यावर पाच दिवसांनी रंध्यांचं उत्तर आलं: "अभिनंदन. मला उगाच गोवलंत, पण सुनेनं छापून भिंतीला लावलंय. आज एकेचाळीस चिमण्या." पट्टीताईंना हसू आलं, आणि त्यात आता राग नव्हता.

त्या ताऱ्याकडे आता कोणी बघणार नाही, असं शास्त्रज्ञ बाईंनी सांगितलं होतं. दुर्बिणी थोड्या, तारे फार, ज्याची खात्री झाली ते काम मिटलं. पण ग्रह काही मिटलेला नव्हता. पुढच्या खेपेची तारीख पट्टीताईंनी स्वतः काढली, भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्यासाठी दोनदा पान बदलावं लागलं. सकाळी सहा चाळीसला सुरू, रात्री आठ दहाला संपणार. त्यांनी आकडा काढून पाहिला. सगळं नीट चाललं तर आपल्या वाट्याला अशा आणखी बारा-चौदा खेपा.

त्या दिवशी त्यांनी सकाळी लवकर डोकं धुतलं आणि गॅलरीत खुर्ची टाकली. दिसण्यासारखं काही नव्हतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. लख्ख ऊन होतं. तारा दिवसभर उगवणारच नव्हता. आणि जो उजेड आज कमी होणार होता तो शेकडो वर्षांपूर्वीच तिथून निघालेला. तरी त्या बसल्या. दहाला आत जाऊन भात लावला, परत आल्या. खाली सायकलवाला पंक्चर काढत होता. त्यानं दोनदा वर पाहिलं, मग विचारलं, "ताई, कोण यायचंय का?"

"नाही," पट्टीताई म्हणाल्या.

दीडच्या सुमाराला अर्धं झालं. आता सगळा ग्रह ताऱ्याच्या अगदी मध्यावर असेल. हे या घटकेला आणखी कोणाच्या मनात असेल का, याचा त्यांनी विचार केला. शास्त्रज्ञ बाईंच्या? त्या कामात असतील. रंध्यांना सकाळी एका ओळीत कळवलं होतं, "आज जातोय," पण त्यावर काही आलं नव्हतं. म्हणजे बहुतेक आपणच. हे मनात आल्यावर त्यांना जो एकटेपणा वाटला तो जुन्या ओळखीचाच होता, फक्त आज त्याला काहीतरी काम होतं.

संध्याकाळी समोरच्या इमारतीत दिवे लागले, एकेका खिडकीत माणसं घरी आली, कुठं कुकरची शिट्टी झाली, कुठं कोणी कोणाला जेवायला हाक मारली. आठ वाजून दहा मिनिटांनी पट्टीताईंनी घड्याळ पाहिलं, खुर्ची उचलून आत घेतली आणि गॅलरीचं दार लावून घेतलं. भात सकाळचाच होता. तो त्यांनी गरम करायला ठेवला.